लिस्बनहून पुढे कसं जायचं

१२ जाने., सोम.
विमानाची तिकिटं आली. दोन. मोपाच्या विमानतळावरून निघायचं, मधे विमान बदलायचं, लिस्बनला उतरायचं. तिथवर ठीक. आमची लेक सुपू राहते कोइंब्राला, लिस्बनहून पुढे दोनेक तास. तो रस्ता ट्रेनने की ड्रायव्हरवाली गाडी सांगून, ते तुम्हीच ठरवा म्हणाली. सावियोला, म्हणजे जावयाला, आत्ता रजा मिळत नाही. आहे ती बाळंतपणासाठी राखून ठेवलीय. गाडीही नाही त्यांच्याकडे.

हे बाल्कांवात, दारापुढच्या ओट्यावर, पेपर उघडून बसलेले. एक पान उलटलं असेल तर शपथ. मी फोन ठेवल्यावर, "काय म्हणता ती?" लेकीशी बोलणं नाही. तिने रजिस्टर लग्न केलं त्या दिवशी "तुझ्या दाराची पायरी चढणार नाही" म्हणाले ते म्हणाले, अजून तिथेच आहेत. आता माझ्याबरोबर येतायत ते म्हणे "बॅगा उचलूक". हमाल म्हणून चाललोय, असं वाड्यावर सगळ्यांना सांगून झालं. लेकीच्या पहिल्या बाळंतपणाला बाप हमाल म्हणून निघालाय. काय बोलणार.

१४ जाने., बुध.
संक्रांत. तिळगूळ दिला, घेतला, गोड बोलणं काही झालं नाही.
ह्यांचा निकाल लागला: गाडी. परक्या मुलखात बॅगा घेऊन जिने कोण चढणार. जन्मभर खनिजाचे ट्रक चालवले, गाडीवर विश्वास असायचाच. फक्त दुसरा चालवत असला की ह्यांचा उजवा पाय सारखा ब्रेक दाबत असतो. दोन तास ते बघावं लागेल. असो. माझ्या गुडघ्यांनाही गाडीच बरी. एकमत झालं. क्वचित होतं म्हणून लिहून ठेवते.

१७ जाने., शनि.
सुपूचा फोन. डॉक्टरने फार चालू-फिरू नको सांगितलंय. काळजीचं काही नाही म्हणते. आठवा चाललाय, मी काळजी करणारच.
गाडीने येतोय ऐकून बरं वाटलं तिला. ड्रायव्हर थेट दारात आणून सोडतो, तुम्ही नुसतं वर यायचं, पहिलाच मजला.
जेवताना हे मी ह्यांना सांगितलं. वाटीतली आमटी संपवली आणि म्हणाले, "ट्रेन बरी."
का?
"बाहेरचा बघूक मेळता."
गाडीला काचा नसतात बहुतेक तिकडे. मग म्हणाले ट्रेन स्वस्त. मग म्हणाले, तो ड्रायव्हर झोप काढून आलाय की नाही कोणास ठाऊक. तीन दिवसांपूर्वी ह्याच तोंडाने…

२० जाने., मंगळ.
प्रयोग केला. ट्रेन म्हणजे विमानतळावरून मेट्रो, मेट्रोतून उतरून स्टेशन, मग लांबची ट्रेन. म्हटलं बघूया. दोन्ही बॅगांत तांदूळ, आमसुलं, खोबरेलाच्या बाटल्या भरल्या आणि ह्यांना डिचोलीच्या बसस्टँडपर्यंत चालवत नेलं. वाटेत किराणावाल्याने विचारलं, कुठे चाललात? "खंय नाय, असोच." शर्ट पाठीला चिकटलेला.
स्टँडवर बाकावर बसले. धाप लागलेली. आता बोला, म्हटलं.
"ट्रेन."
थोड्या वेळाने, "थंय स्टेशनार कोण येतलो?"
सावियो येईल ड्यूटी सुटल्यावर.
"आणि?"
आणि कोण? तिला चालायची बंदी आहे, सांगितलं ना.
त्यावर बॅगा उचलून घरच्या वाटेला लागले.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. गाडीने गेलं तर आपल्या पायांनी तिच्या दारात जावं लागतं. ट्रेनने गेलं तर ती स्टेशनवर येणार, बाबा चला म्हणणार, आणि ह्यांना म्हणता येणार की मी गेलो नाही, मला नेलं. माझं टाळकं फिरलं. पोटुशी पोर फलाटावर उभी करायची, कशासाठी, तर ह्यांचा मान राहावा म्हणून. बोलले नाही. बोलले असते तर आज चूल पेटली नसती.

२३ जाने., शुक्र.
पेडण्याला जाऊन आलो, ह्यांच्या ग्रामदेवीकडे. ट्रेन की गाडी ते देवीचा प्रसाद घेऊन ठरवू म्हणाले. देवीला पोर्तुगालचं टाइमटेबल पाठ असणार. तरी गेले बरोबर.
गुरवाने मूर्तीच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या लावल्या. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नको. आणि गाऱ्हाणं घालायला लागला, ते मोठ्यानेच घालतात: "माये, ह्या तुझ्या लेकरान रागान तोंडातसून शब्द काडलो, लेकीच्या दाराची पायरी चडचंय नाय म्हणान. तो शब्द आज तुझ्या पायाकडे ठेयता. तेणी जावचा जाल्यार उजवो प्रसाद दी."
ट्रेनचं नाव नाही की गाडीचं नाही. लेकीकडे जावं की नाही, एवढंच.
मी खांबाला टेकून उभी. ह्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, मीही बघितलं नाही. पुष्कळ वेळ गेला. एकही पाकळी हलली नाही. शेवटी गुरव म्हणाला, "देवी गप आसा. घरात बसान तुमीच ठरवा."
येताना बाजारात उंडे, म्हणजे गोल पाव, घेतले, गरम होते. माझा राग उतरला होता. ह्यांचं वाईट वाटलं. हे लिहायला आवडत नाही, पण वाटलं.

२५ जाने., रवि.
सुपूला प्रसादाचं सांगितलं. आधी हसली. मग म्हणते, "बाबांना ट्रेनच हवी असेल तर येते मी स्टेशनवर. टॅक्सी करीन. डॉक्टरला कशाला सांगायला हवं?"
बापाचीच मुलगी. मी सरळ नाही म्हटलं. घरातून पाऊल बाहेर टाकलंस तर माझ्याशी गाठ आहे.
मग बाल्कांवात जाऊन ह्यांनाही सांगितलं. गाडी ठरली. बॅगा ड्रायव्हर उचलतो, हमाल लागत नाही. बाप म्हणून यायचं तर या, नाही तर मी एकटी जाते.
ह्या घरात इतकं स्पष्ट मी कधी बोलले नव्हते. संध्याकाळी बघते तर ह्यांचा स्वेटर बॅगेतून काढून मेजावर ठेवलेला. विचारलं नाही. तिकीट त्यांच्या नावाचं आहे, काय करायचं ते करोत.

२७ जाने., मंगळ.
काही नाही. डिंकाचे लाडू केले. गुडघे दुखतायत. हे दोनदा येऊन लाडू बघून गेले.

२९ जाने., गुरु.
चहाच्या वेळेला सुपूचा फोन. गाडी सांगतेय. बाहेर आलं की ड्रायव्हर नावाची पाटी घेऊन उभा असतो, पाटीवर कुणाचं नाव घालू, विचारते. मी फोन हातात धरूनच ह्यांना म्हटलं, तुमचं सांगू ना?
चहात उंडा बुडवत होते. "माझा नको."
मग माझं?
"तिचा घाल."
अहो, तिचं कशाला? ती कुठे विमानाने येतेय?
उंडा खाल्ला, तोंड पुसलं. "तिच्या नावान कोण न्हेवक आयलो, म्हणजे तीच आयली."
म्हणजे हे येतायत. फोनमध्ये तेच शब्द जसेच्या तसे सांगितले. पलीकडून बारीक आवाजात: "आई, त्यांना पूर्ण नाव लागतं. आडनाव कुठलं घालू? बाबांचं की सावियोचं?"
ह्याचं उत्तर मी कोण देणार? त्यांनाच विचार, म्हटलं, आणि फोन ह्यांच्यापुढे धरला. मला वाटलं घेणार नाहीत. घेतला. कानाला लावला.
मी आत आले. दुधाकडे बघत उभी आहे, तिथेच हे लिहितेय. बाल्कांवातून आवाज येत नाही. फोन ठेवलेलाही नाही.