हरकत असल्यास सांगावी

३ जाने. ८४, मंगळ.
एस्तेरला या वहीत ए. लिहिणार. आई वही चाळते.

ए.ला दिवस गेलेत. दोन महिने. तिनंच सांगितलं, दवाखान्याच्या मागच्या पडवीत, स्टोव्हवर सुया उकळायला ठेवून. स्टोव्हचा आवाज असला की आत डॉक्टरला ऐकू जात नाही. पाच वर्षं जिच्यासाठी झुरलो, जिचा हात अजून धरला नाही, ती मला हे सांगायली. माणूस राणीसावरगावचा, कंपाउंडर. त्याला बायको आहे हे तिला उशिरा कळलं म्हणे.

परभणीला मोठ्या दवाखान्यात जाऊन खाली करून घ्यायचं म्हणते. कायद्यानं चालतं, नर्सबाईच आहे, तिला सगळं माहीत. सोबत कोणीतरी पाहिजे. "तूच एक हायस, शमू. दुसऱ्या कोणाला सांगू?"

हो म्हणालो. घरी येताना पालमच्या वेशीपर्यंत आल्यावर कळलं कशाला हो म्हणालो.

४ जाने., बुध.
पाळकाचा पोरगा मी. मला याचं उत्तर तोंडपाठ पाहिजे. आहेच. संडेस्कूलपासून घोकलंय. जीव देव देतो, आईच्या पोटात असल्यापासून तो एकेकाला ओळखतो. आणि मला ते खरं वाटतं, नुसतं पाठ नाही. औरंगाबादला कॉलेजात यावरून सरांशी भांडलो होतो. (ते कॉलेजही सुटलं. नामांतराच्या भांडणात होस्टेलवर एकाचं नाक फोडलं, आणि परत जायची लाज वाटली.) पण तेव्हा ते पोट फळ्यावर खडूनं काढलेलं होतं. ए.चं नव्हतं.

जेवलो नाही. आई म्हणाली, कॉलेज आठवायलंय का? म्हणालो हो.

६ जाने., शुक्र.
कंपाउंडरला मारायला राणीसावरगावला (पुढं रा.सा.) गेलो. पिशवीत सायकलची चेन.

दार बायकोनं उघडलं. "या भाऊ, बसा, येतील आता." चहा दिला. तो आला तर कडेवर पोरगी, नाक गळणारी. तिला खाली ठेव म्हणून कसं सांगणार? चहा प्यालो. नंतर स्टँडपर्यंत सोडायला आला तेव्हा विषय काढला. घाबरला, इकडंतिकडं बघितलं, मग म्हणाला, "पाडून टाका म्हणावं. आता काय अवघड हाय?"

ए. म्हणाली तेच की. तिच्या तोंडून ऐकलं तेव्हा रडू आलं, याच्या तोंडून ऐकलं तर डोक्यात खून चढला. गोष्ट एकच. मग वाईट काय, गोष्ट का तोंड?

चेन तशीच परत आणली.

७ जाने., शनि.
उपाय सापडला. इतका साधा की आधी कसा सुचला नाही. लग्न करायचं. जीव वाचला, ए.ची अब्रू वाचली, आणि

आणि ए.

दुपारी क्वार्टरवर जाऊन सांगितलं. पोरगं माझ्या नावावर, कोणी बोललं तर दात पाडीन. ती धुणं वाळत घालत होती. बराच वेळ एकच पातळ झटकत राहिली. मग म्हणाली, "बघू."

तिथून धावतच थॉमसमामांकडं. मामा मंडळीचे, म्हणजे आमच्या चर्चचे, सेक्रेटरी. आमच्यात लग्नाआधी तीन रविवार देवळात दोघांच्या नावाची हाक देतात, शनिवारी दिवस मावळायच्या आत चिठ्ठी गेली की उद्याच पहिली. मामांनी चिठ्ठी दोनदा वाचली. पाळकसाहेबांना ठाव हाय ना? मान हलवली. (बाबा दोन दिवस रा.सा.च्या मंडळीत, सोमवारी येणार.) पोरीला विचारलं का रे? विचारलं की. काय म्हणाली? हो म्हणाली.

बघू म्हणजे काय, होच.

८ जाने., रवि.
लिहावं का नको.

गर्दी होती. नाताळचा कागदी तारा अजून लोंबतोय, कोणी काढला नाही. ए. बायकांच्या बाजूला, तिसऱ्या रांगेत. मामांनी चष्मा लावून नावं वाचली. अमुकचा मुलगा शमुवेल, कैलासवासी (मामांची जीभ घसरली), नव्हे, प्रभूत निजलेल्या अमुकची कन्या एस्तेर. मागं बायकांची कुजबूज, खूष झालेली. मग ते वाक्य, कोणाची हरकत असल्यास सांगावी. ते संपता संपताच मामा पुढच्या गीताचा नंबर सांगतात, कारण आजवर कोणी उठलं नाही.

ए. उठली.

"माझी हाय."

मामा चष्म्यावरून बघत राहिले. "बाई, हे दुसऱ्या लोकांना विचारतात. नवरीला न्हाई."

"मग नवरीला कवा विचारतात?"

कोणीतरी हसलं. ए. पदर सावरून दारापर्यंत गेली, चपला हातातच घेतल्या, गेली. मामांनी नंबर सांगितला. सगळे उभे राहून गायले. मी पण उभा होतो, तोंड उघडं, आवाज नाही.

९ जाने., सोम.
बाबा आले. त्यांनी पिशवी ठेवायच्या आत मामा येऊन गेलेले. मारतील वाटलं. मारलं असतं तर बरं. नुसतं विचारलं, आणि मी सगळं ओकलो. तिचे दिवस, परभणी, सगळं. ती गोष्ट तिची होती, मी कोण सांगणारा? एका आठवड्यात दुसऱ्यांदा तिला न विचारता.

बाबा म्हणाले, जीव हाय तो, कोणाचाबी असो. म्हणालो, मी तेच म्हणतोय ना, म्हणून तर लग्न. तर म्हणाले, "तुला जीव वाचवायचा होता का पोरगी मिळवायची होती?"

दोन्ही, म्हणालो. मग विचार करत बसलो. समजा ए. मला नको असती. कोणी काळी, पोक्त, तीन लेकरांची बाई असती. तरी धावलो असतो का चिठ्ठी घेऊन?

११ जाने., बुध.
माफी मागायला दवाखान्यात. ए. लसीच्या रजिस्टरात रेघा मारत होती, मान वर केली नाही. बाबांना सांगून टाकल्याचंही सांगितलं. पेन थांबलं. शिव्या दिल्या नाहीत. मी म्हणालो, पण ए., तो जीव आहे. तेव्हा बोलली.

"आठ बाया मी घेऊन गेलेय परभणीला. हात धरून उभी ऱ्हायले. पाळकसाहेबाला ठाव होतं, तुला ठाव होतं. कोणी एकानं विचारलं न्हाई, काय करायलीस म्हणून. त्या आपल्या मंडळीतल्या नव्हत्या म्हणून त्यांच्या पोटात जीव नव्हता का?"

खरंच कधी मनात आलं नव्हतं. ती नोकरी होती तिची.

निघताना म्हणाली, प्रत्येकीच्या वेळी मनात प्रार्थना करायचे. कोणासाठी करायलेय ते मलाच कळायचं नाही.

१३ जाने., शुक्र.
बाबांनी ए.ला घरी बोलावलं. मी म्हणालो, बाहेर जाऊ का? ए. म्हणाली, आता काय राहिलंय, बस.

बाबा उपदेश करतील वाटलं होतं. त्यांनी जे सांगितलं ते मी आज पहिल्यांदा ऐकलं. माझ्या पाठीवर एक होतं. पाचव्या महिन्यात आईचं रक्त थांबेना. मिशनच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दोघं राहत नाहीत, सही करा. बाबांनी केली. "ते पाप नव्हतं असं मी म्हणत न्हाई. पुन्हा वेळ आली तर करणार न्हाई, असंबी म्हणत न्हाई. प्रभुभोजनाला बसलो की दर वेळी आधी तेच आठवतं."

आई भाकरी थापत होती. पाठ आमच्याकडंच. "मला कोणी विचारलं न्हाई," म्हणाली. "शुद्ध नव्हती. विचारलं असतं तर काय म्हणले असते, अजून ठाव न्हाई मला."

भाकरी करपली. आईची भाकरी कधी करपत नाही.

ए.नं विचारलं, "मग मला काय सांगता, काका?"

"नको करू म्हणतो. तुझा जीव धोक्यात न्हाई, माझी गोष्ट वेगळी होती. पण करून आलीस तर देवळाचं दार मी लावणार न्हाई. मंडळीच्या पंचांनी लावलं तर तुझ्यासंगं बाहेर बसीन."

आई म्हणाली, वालूरला तुझी मावशी हाय ना? रजा टाक, तिकडं बाळंत हो, पुढचं पुढं बघू. ए. म्हणाली, पुढचं मलाच बघायचंय की, काकू.

कोणाचं बरोबर? प्रत्येकजण बोलला की त्याचंच पटतं. मग दुसरा बोलतो.

१५ जाने., रवि.
आज दुसरी हाक असती. त्याऐवजी उभं राहून मंडळीला सांगितलं की चिठ्ठी मी पोरीला न विचारता दिली, चूक माझी, तिच्याकडं बोट नको. बाबांनी सांगितलं नव्हतं, माझं मीच. मागून एकजण, घाई झाली होती का रे. पूर्वी असतं तर तिथंच धरला असता. मुठी आवळून खाली बसलो. ए. आली नव्हती.

१८ बुध.
ए.चा निरोप. उद्या सातची गाडी, परभणी. येतोस का?

परभणीहूनच वालूरची गाडी मिळते. दवाखाना पण परभणीतच. कुठं ते तिनं कळवलं नाही.

बाबांना विचारलं, गेलो तर मी त्यात सामील होतो का? न गेलो तर ती एकटी. दाढी खाजवत म्हणाले, "सोबत मागितलीय तिनं. निकाल न्हाई मागितला."

हे उत्तर आहे का? ज्याला उत्तर माहीत नाही तो असंच बोलतो. का ज्याला माहीत आहे तो?

१९ गुरु. परभणी स्टँड, साडेदहा
गुडघ्यावर लिहितोय.

गाडीनं गंगाखेड सोडलं. ए. एकदम, "तू काय मागायलास देवाकडं?" खोटं बोलवेना. म्हणालो, तू वालूरला जावंस. "माझ्यासाठी, का त्याच्यासाठी, का तुझ्यासाठी?" ठाऊक नाही म्हणालो. म्हणाली, आज खरं बोललास. आणि खिडकीकडं तोंड केलं. पोटातल्या जिवाला धरून 'त्याच्यासाठी' असं ती पहिल्यांदाच म्हणाली. मी त्याचा अर्थ लावत बसलो. नंतर स्वतःलाच म्हणालो, लावू नको.

उतरल्यावर तोंड धुवून आली, बाकड्यावर बसली. म्हणाली, मी बोलेपर्यंत तू बोलायचं नाही. एक शब्द नाही.

वालूरची गाडी समोर लागलीय. गेटाबाहेर दवाखान्याकडं जाणाऱ्या रिक्षा. ए. कुठंच बघत नाही, आपल्या हातांकडं बघायलीय. मला ओरडावंसं वाटतंय. काय ओरडू ते कळत नाही. गप्प आहे. इतका वेळ आयुष्यात गप्प बसलो नसेन.

वालूरच्या गाडीत कंडक्टर चढला. ए.नं पिशवी उचलून मांडीवर घेतली. उठलेली नाही अजून.