चिठ्ठीतले तीन शब्द

बंगळूर, रविवार, नोव्हेंबर १९९६

कुत्र्यांच्या आश्रयगृहातून दोन महिने सांभाळायला आणलेलं पिल्लू आज कायमच्या घरी गेलं. न्यायला आलेल्या अक्का "बा, बा", म्हणजे "ये, ये", म्हणत बसल्या, पण ते हलेना. त्याला कन्नड कुठून कळणार? मी त्याच्याशी मराठीच बोलत आले. चूक माझीच. मग "ये", "बस", "नको" असं कन्नड अक्षरांत चिठ्ठीवर लिहून दिलं. लग्नानंतर इथं आले तेव्हा ह्यांनी मलाही अशीच चिठ्ठी दिली होती, बाजारासाठी, मराठी अक्षरांत कन्नड शब्द. कुठे गेली ती?

अक्कांनी अडखळत "ये" वाचलं आणि पिल्लू पळत गेलं. बरंच झालं. पण ह्यांची ती चिठ्ठी... हे गेल्यापासून घरात माझं मराठी ऐकणारं ते पिल्लूच होतं.