काचेतल्या मुलीचं नाव

गुदैबिया, बहारीन
बुधवार

प्रिय निधी,

अनेक आशीर्वाद. तू माझा फोन घेत नाहीस म्हणून कागद घेतला. ह्यांच्या ऑफिसातले पाठकोरे आहेत, मागचं छापलेलं बघू नकोस. लिहून झालं की ह्यांच्याकडून फोटो काढवून तुझ्या मोबाईलवर पाठवते. फोन कापता येतो, पण आईचं अक्षर दिसलं की तू वाचशील, अशी मला आशा आहे.

चिरागला, तुझ्या भावाला, मुलगी झाली हे गौरवरावांनी तुला सांगितलं असेलच. सातवा लागायच्या आधीच झाली. माझ्या ओंजळीत मावेल एवढी आहे. काचेच्या पेटीत ठेवली आहे, तोंडात नळी, इवल्याशा पायाला तार. डॉक्टरबाई चांगल्या आहेत, खोटा धीर देत नाहीत. काल त्यांनी चिरागला बाजूला घेऊन सांगितलं की फुप्फुसं तयार झालेली नाहीत, आता डोक्यातही रक्तस्राव झाला आहे, मनाची तयारी ठेवा. किती दिवस ते त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. पेटीवर चिठ्ठी लावली आहे, ‘बेबी ऑफ इनेश’. तिला अजून नाव नाही. बाकी सगळं मी देवावर सोडलं आहे, पण हे सोडवत नाही. जाणाऱ्या जिवाला हाक कशाने मारायची? माळ घेऊन बसते तेव्हा देवाला तरी कोणाला सांभाळ म्हणून सांगू? रोजचा टॅक्सीचा खर्च वहीत मांडायचं मी बंद केलं आहे, यावरून काय ते ओळख.

इनेशला, तुझ्या वहिनीला, तू पाहिलेलं नाहीस. पोर्तुगालची आहे, इथे अमवाजला लहान मुलांना पोहायला शिकवते. पहिल्यांदा आपल्या घरी आली तेव्हा चपला जिन्यातच काढल्या आणि देवघरासमोर मांडी घालून कुठला देव कोणाचा कोण हे विचारत बसली. मला ती आवडली. तुला राग येईल, तरी लिहिते. माझं इंग्रजी मॅट्रिकपुरतं, तिचं मराठी जेवणापुरतं, पण आमचं अडलं नाही. दिवस राहिल्यावर तिची आई रोज फोनवरून नावं सुचवायची. मग इनेश माझ्याशेजारी भाजी निवडायला बसे, एकेक नाव अर्थासकट सांगे, आणि मी आपल्यातलं जोडीला लावून बघे. वितोरिया म्हणजे आपली विजया. औरोरा म्हणजे उषा. इश्पेरांसा म्हणजे आशा, पण केवढं लांबलचक, पोर दहावीला गेली तरी लिहून व्हायचं नाही म्हटलं. लूश म्हणजे उजेड. मग एक दिवस तिने पणजीचं नाव सांगितलं, दोरश. अर्थ विचारला तर म्हणाली, वेदना. एक नाही, पुष्कळ. मी हातातली मेथी खाली ठेवली. म्हटलं, तुझ्या पणजीच्या आईबापाला झालं होतं तरी काय ग? लेकीला कोणी असं म्हणतं? तर तिने सांगितलं, मेरीमातेने पोटच्या पोराचं मरण डोळ्यांनी पाहिलं, त्या वेदनांचं हे नाव. ती माता पाठीशी असावी म्हणून ठेवतात. एकटेपण अशा अर्थाचंही एक नाव आहे म्हणे त्यांच्यात, आणि तेही मातेचंच. मग मला ते वेडंवाकडं वाटेना. आईचं दुःख देवाच्या घरी मोजलं जातं असंच झालं ना ते.

मी तिला ह्यांच्या दगडीआत्यांची गोष्ट सांगितली. आधीची भावंडं जगली नाहीत म्हणून हिला दगडी म्हटलं, मरणाने नाव ऐकलं तरी वळून बघू नये म्हणून, आणि बाई सगळ्यांना पोचवून मग गेल्या. इनेश हसून हसून लोळली. म्हणाली, आई, तुम्ही मरणाला फसवता आणि आम्ही त्याला घरात बोलावून खुर्ची देतो. चिराग दारातून ओरडला, यल्ला, आवरा आता, दोघी मिळून माझ्या पोरीला वेदना नाहीतर दगड करून टाकाल! ते हसू ह्या घरात शेवटचं.

तुझा राग मला कळत नाही असं नाही, निधी. तुझी मुलगी चौथ्या दिवशी गेली. तुझं अंगावरचं दूध आटलंही नव्हतं आणि चिरागने इथे लग्नाची पार्टी दिली, वर नाचाचे फोटो घरच्या ग्रुपवर टाकले. हॉल आधीच ठरला होता हे त्याचं उत्तर मलाही पटलं नाही, मी त्याला तसं तोंडावर सांगितलं. आणि तुझ्या सासरच्यांनी बारसं झालं नाही तर नाव कसलं, म्हणून पोरीला तशीच नेली. तेव्हापासून तू तिचा विषय कोणाला काढू देत नाहीस. मीही काढला नसता.

काल दुपारी सिस्टर पेटीपाशी आली. केरळची आहे, गळ्यात क्रूस असतो. तिने इनेशला हळूच सांगितलं की बाप्तिस्म्याला पाद्री यायला वेळ लागेल, पण अशा वेळी मी पाणी घातलं तरी आपल्यात चालतं, तू फक्त नाव सांग. इनेशची आई फोनवर रडून तेच म्हणत होती. चिराग म्हणाला, लूश ठेव, दोरश ठेव, काहीही ठेव, पण आत्ता ठेव. मीसुद्धा हात जोडले. म्हटलं, पाणी कुठल्या देवाचं हे मी विचारणार नाही, घाल बाई. इनेश नुसती मान हलवत राहिली. नाही म्हणजे नाही. चिराग चिडून बाहेर गेला. आम्हाला वाटलं, पोरीचं भान गेलं.

भान गेलेलं नव्हतं. नंतर व्हरांड्यात तिने मला सांगितलं. चिरागने तिला कधीतरी थट्टेत म्हटलं होतं की आईंचं चालणार नाही आणि तुझंही नाही, आमच्यात नाव आत्या ठेवते. कानात कुर्र करते आणि बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात. तिने ते शास्त्र म्हणून धरलं आहे. मी परोपरीने समजावलं की आत्या नसेल तर कोणीही ठेवतं, अडत काही नाही. ती म्हणाली, आत्या आहे ना पण? मग तिने विचारलं, निधीच्या मुलीचं नाव काय? मी सांगितलं, ठेवलंच नाही. त्यावर ती माझा हात धरून म्हणाली, मग तिला न विचारता मी माझ्या मुलीचं कसं ठेवू? हे तुला कळवायला कागद घेतला. निधी, तुझ्या मनात तुझ्या मुलीचं नाव होतं. तू सांगितलं नाहीस तरी मला माहीत आहे. ते हिला देऊ नकोस, ते तिचं आहे. हिला दुसरं दे, त्यांच्यातलं दे नाहीतर आपल्यातलं. सिस्टर फोन पिशवीत गुंडाळून पेटीच्या झरोक्यातून कानाशी धरते म्हणाली आहे. चिरागला मी बाहेर उभा करीन, तुला त्याचा आवाजही ऐकावा लागणार नाही. उद्या सकाळी मी फोन लावते. तू उचल, नाव सांग, आणि मग लगेच कापलास तरी माझं काही म्हणणं नाही.

तुझीच,
आई