कोबेत घेतलेली लिपस्टिक

प्रिय पेइचेन,

जहाज जपानात कोबेला लागलंय. मी ठणठणीत आहे, खोकलाही जवळजवळ गेला.

तुला लिपस्टिक घ्यायला औषधांच्या दुकानात शिरलो, इथे ती तिथेही मिळते. तिथली पोरगी आपल्याच तैनानची निघाली. म्हणाली, "काकूंचा रंग कसा आहे?"

फोनमध्ये सगळे फोटो आपल्या तान्ह्या यूनचे. काढून पाठवणारी तू, मग तू कशी दिसणार? एकच सापडला, लग्नातला.

"काका, आत्ताचा दाखवा ना!"

मी म्हणालो, "हसली की नाकाला सुरकुत्या पडतात."

"त्याला कुठली शेड देऊ?" ती हसली आणि एक विटकरी काढून दिली.

आईचे गुडघे कसे आहेत? यून मला ओळखेल ना?

शोभली नाही तरी लावून बंदरावर ये. तुला डोळे भरून बघायचंय.

तुझाच,
चीहाओ