शेलूबाजारात तपासलेलं

सर,

आठ ओळींची खरी किंमत या आठवड्यात कळली. रिठदच्या एका बाईचे चार दिवस, वसतिगृहाच्या प्रवेशाचे एकोणीस अर्ज, आणि माझं एक खोटं, जे मी इतकी वर्षं फुकटात वापरत आलो. ओळी कोडच्या, तुमच्या रजिस्टरमधल्या, हिरव्या शाईतल्या. फॉर्मचं बटण एकदा दाबलं की ते बंद करायचं, म्हणजे घाईची माणसं दोनदा दाबून एकच अर्ज दोनदा पाठवत नाहीत. रजिस्टर माझ्याकडेच आहे. तुम्ही गेल्यावर काकूंनी ते हातात दिलं, म्हणाल्या, "घेऊन जाय बापू, यातलं मले काई समजत नाई."

कोर्टाजवळच्या जिन्यावरचा आपला क्लास आता मोबाइलच्या कव्हरांचं दुकान झालाय. खालून जाताना मला अजून ती खोली ऐकू येते. पंख्याची कटकट, सहा कीबोर्डांची टकटक, आणि कोणी कुठून तरी कोड उचलून जसाच्या तसा चिकटवला की तुमच्या खुर्चीची करकर. तुम्ही मागे येऊन उभे राहायचात. "कायले चिकटवलं हे? काय करते ते सांग पह्यले." सांगता आलं तरच रजिस्टरमध्ये जागा मिळायची: वर ओळी, खाली आपल्या भाषेत दोन वाक्यं. एक, हे कशासाठी. दुसरं, हे कुठं दगा देईल. आणि दुसरं वाक्य लिहायच्या आधी शेलूबाजार. तिथं तुमच्या साडूचं नेट कॅफे होतं, आणि लाइन अशी की पान उघडेस्तोवर माणूस बाहेर जाऊन चहा पिऊन यायचा. आम्ही पेन ड्राइव्ह खिशात घालून जीपनं जायचो, तिथं चालवून बघायचो, परत येऊन तुम्हाला सांगायचो, मग तुम्ही समासात 'शे.' लिहायचात, म्हणजे शेलूबाजारात चाललं. "वाशीमात चाललं म्हंजे फक्त वाशीमात चाललं, बाबू. आपले गिराईक तिकडं राह्यतेत." तुमची पाठ वळली की आम्ही हसायचो.

तुमच्यानंतर मी ते सगळं रजिस्टर एक-एक पान करून इंटरनेटवर चढवलं. ज्याला लागेल त्यानं घ्यावं, आपलं काही असेल तर घालावं. आज वाशीमपासून पुण्यापर्यंतची पोरंपोरी तिथून उचलतात, ग्रुपवर एकमेकांना पाठवतात. कोणाच्या ओळखीनं, कोणाच्या खांद्यावर बसून वर आलो नाही, हे मी चारचौघांत सांगतोच. त्याच तोऱ्यात पानाच्या माथ्यावर ठळक लिहिलं: 'इथली प्रत्येक नोंद शेलूबाजारात तपासलेली आहे.' पुण्याच्या एकानं विचारलं, "दादा, शेलूबाजार हे कुठलं टूल आहे? इन्स्टॉल कसं करायचं?" मी लिहिलं, "वाशीमहून जीपमध्ये बस, रस्त्यानं आपोआप इन्स्टॉल होते." ग्रुप दोन दिवस हसत होता. पण सर, लोक हसता हसता विश्वास ठेवतात.

सोमवारी रिठदहून फोन आला. ही बाई लेकरू झाल्यावर पुण्याची नोकरी सोडून गावी आली, आता घरूनच अकोल्याच्या एका मालकासाठी वेबसाइटी करते. ग्रुपवर तिची उत्तरं सगळ्यांत नेटकी. माझे कान तिखट, तुम्हीच म्हणायचात. पहिल्या 'हॅलो'लाच कळलं की हिचं रडून झालंय आणि आता जाब विचारायचाय.

"दादा, वसतिगृहाच्या फॉर्मसाठी ते बटनवालं मी तुमच्याच पानावरून घेतलं ना."

"मंग?"

"बटन बंद होते. मंधात नेट गेलं त ते उघडतच नाई. पोरींले वाटलं अर्ज गेला. यादी लागली तवा समजलं, एकोणीस जणींचा गेलाच नाई. मालक म्हणते, तुले काम जमत नाई, सोडून दे."

"तू तपासलं नाई का?"

मग ती म्हणाली, "तुमी लिवलं होतं ना, तपासलं म्हणून. म्हणून नाई तपासलं."

मी लगेच मालकाला फोन लावला. ओळी माझ्या पानावरच्या आहेत, चूक माझी आहे, असं सांगितलं. माणूस हुशार. "पण तिथं तर तपासलेलं लिवलंय?" मी म्हणालो, "तवा चाललं होतं." तो म्हणाला, "तवा चाललं म्हंजे आता पाहाचं काम तिचंच होतं ना साहेब." माझ्या तीन शब्दांनी सगळं ओझं परत तिच्याच डोक्यावर गेलं. आणि त्या तीन शब्दांत मला माझा जुना आवाज ऐकू आला.

तुम्हाला तो दिवस आठवत असेल. खोकला वाढला होता, तुम्ही शाल घेऊन बसला होतात. सकाळी मला म्हणालात, "हे बटनवालं घेऊन जाय, तिकडं पाहून ये." मी दुपारी परत येतो. तुम्ही विचारता, "जीप भेटली?" भेटली. "चाललं?" चाललं. दर वेळी 'शे.' तुम्ही लिहायचात. त्या दिवशी तुम्ही पेन टेबलावर ठेवलात, माझ्या बाजूला सरकवलात. "तूच लिव." पेन सरकल्याचा तो आवाज अजून कानात आहे. मी लिहिलं. 'कुठं दगा देईल' याच्यापुढची जागा तुम्ही कोरीच ठेवलीत, मलाही विचारलं नाहीत. नेटवर चढवताना ती कोरी जागा बरी दिसेना, म्हणून मी ती ओळच गाळली.

मंगळवारी गाडी काढून शेलूबाजारला गेलो. कॅफे कधीच बंद झालंय. आता तिथं नेट इतकं पळतं की दोष दिसेना. शेवटी स्टँडसमोर उभं राहून अर्ज भरला आणि मध्येच फोनचं नेट हातानं बंद केलं. बटण बंद ते बंदच. पाच मिनिटांचं काम होतं, सर. तिथून परतायचा फार कंटाळा आला. बराच वेळ नुसता गाडीवर बसून राहिलो.

काल मालकाला पुन्हा फोन केला आणि जे तुम्हाला सांगायला हवं होतं ते त्याला सांगितलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "त्या बाईले कामावर राहू देतो. वसतिगृहवाले दोन दिवस फॉर्म उघडून देऊन राह्यले. तुमचं पान मात्र आमी वापरणार नाई." बरोबर आहे त्याचं. रिठदला कळवलं, तर ती नुसतं "बरं" म्हणाली. ग्रुपवर तिचं एकही उत्तर अजून आलेलं नाही.

पानाच्या माथ्यावरचं ठळक वाक्य मी आज काढलं. बाकीचे 'शे.' तुमच्या हातचे आहेत, ते राहतील. हे पत्र रजिस्टरमध्ये त्याच पानावर ठेवतोय, कोऱ्या जागेपाशी. तुमच्यापर्यंत न्यायला जीप नाही. पेन सरकवताना तुम्हाला कळलंच होतं असं मला वाटतं, तरी माझ्या तोंडून सांगायचं राहिलं होतं. त्या दिवशी ऊन होतं, जीप भरत नव्हती. मी वाशीमच्या स्टँडवर दोन प्लेट पोहे खाल्ले आणि परत आलो.