एक नंबर, एक माणूस

८ सप्टेंबर, सोमवार

नोकरीचा पहिला दिवस. ठाण्यात टेंभी नाक्याजवळ मिठाईच्या दुकानावर तिसरा मजला. सहा टेबलं आणि एक पंखा, जो फक्त सर्वेश सरांना वारा घालतो. खाली देवीच्या मंडपाचे बांबू उतरत होते.

आम्ही गावोगावच्या आरोग्य केंद्रांसाठी माणसांच्या नोंदी ठेवणारा सर्व्हर बनवतोय. माझ्याकडे चार कामं: नवी नोंद घालणं, शोधणं, बदलणं, पुसणं. प्रत्येकाचा रस्ता, म्हणजे त्या कामाचा कोड, वेगळा लिहायचा आणि तपासून बघायचा. गंगुबाई आजीच्या शेवटच्या आजारात तीन दवाखान्यांनी तिची तीन वयं लिहिली होती, आणि एकाने नाव लिहिलं गंगाराम. माणूस आहे तर त्याची नीट नोंद हवी, असं मी सरांना म्हणाले. ते म्हणाले, पहिल्या दिवशी सगळे असंच बोलतात, चहा घे.

ठाकुर्लीला घरी आले तर आईने शेवयांची खीर केलेली. आज बाजारात तिने मासे विकताना प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगितलं म्हणे, पोरगी कंप्युटरवर लागली. भिंतीवरच्या माझ्या पदवीच्या फोटोला बाबांनी नवा खिळा ठोकलाय. घरातली पहिली पदवीधर मीच.

९ सप्टेंबर, मंगळवार

नवी नोंद घालायचा रस्ता चालला. तपासायला नाव हवं होतं. सरांनी बजावलेलं, खऱ्या माणसाचं घालू नकोस.

मला ताई आठवली. आईची पहिली मुलगी नवव्या दिवशी गेली, बारशाच्या आधीच. तिला नाव नाही, कुठे कागद नाही. सर्वपित्रीला आई अंगणात पान ठेवते, एकेका गेलेल्या माणसाला नावाने हाक मारून घास वाढते. शेवटचा घास मात्र ती नाव न घेता ठेवते. तो ताईचा.

मी तिचं नाव संचिता ठेवलं. वय सव्वीस, पत्ता आमचाच. नंबर माझा, कारण आमच्या घराला नंबर एकच. रेशनपासून गॅसपर्यंत सगळीकडे माझाच दिलेला असतो, मेसेज वाचता मला येतात म्हणून. मग खाली दुसरी नोंद माझी: अक्षदा, वय तेवीस, बी.एस्सी.

सर्व्हरने दोन्ही घेतल्या. मला उगाच बारसं केल्यासारखं वाटलं. घरी कोणाला सांगितलं नाही.

११ सप्टेंबर, गुरुवार

संचिताच्या नोंदीत शिक्षणाचा रकाना मी रिकामा ठेवला होता. आज तिथे बी.एस्सी. आहे. माझा रिकामा. सर हसले, म्हणाले, अगं, स्वतःच बदलायचं आणि स्वतःच विसरायचं, टेस्टिंगवाल्यांचा हा पहिला आजार.

असेल. मी परत नीट केलं.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

सरांनी नोंदी चाळल्या आणि विचारलं, अख्खं गाव एका फोनवर बोलतं का गं तुमचं? मी म्हटलं, हो, आमच्यात असंच. ते म्हणाले, असं नाही चालणार, एक नंबर, एक माणूस. तसा नियम घाल. दोन निघाले तर आधीची नोंद ठेवायची, नंतरची काढायची.

मी नियम लिहिला. नंबर पुन्हा आला तर सर्व्हरने काय उत्तर द्यायचं, तेही मीच लिहिलं: ही व्यक्ती आधीच आहे. जुन्या नोंदींवर नियम चालवला. एक नोंद काढली, असं उत्तर आलं. कोणती, ते घाईत बघितलं नाही.

बसमध्ये आठवलं. थोरली म्हणून मी तिला आधी घातलं होतं.

१५ सप्टेंबर, सोमवार

खाली वॉचमन दौलतकाकांनी अडवलं. कोणाला भेटायचंय, विचारलं. आठवडाभर रोज हात करणारा माणूस. मला वाटलं, मस्करी. मग त्यांनी रजिस्टर दाखवलं. माझ्या ओळीवर, माझ्या अक्षरात, संचिता.

वर सरांनीही त्याच नावाने हाक मारली. माझी नोंद शोधली. नाही.

१६ सप्टेंबर, मंगळवार

शेजारच्या सखुबाई आल्या होत्या. आई त्यांना भिंतीवरचा फोटो दाखवत होती. म्हणाली, आमच्या संचिताचा.

हे नाव मी घरात कधी उच्चारलेलं नाही.

आई इतकी हसताना मी कधी बघितली नव्हती. फोटोतला गाऊन माझा आहे. टोपीखालचा चेहरा माझ्यासारखा आहे, पण हनुवटी आईची. माझी बाबांची आहे.

१७ सप्टेंबर, बुधवार

पुसायचा रस्ता कालच तयार झालाय. सकाळी ऑफिसात आल्या आल्या संचिताची नोंद उघडली आणि बोट थांबलं. आईचं हसणं आठवलं. नऊ दिवसांची होती ती. पण मग मी कुठे जाऊ?

पुसली. पुसली, असं उत्तर आलं. शोधून बघितलं, तर आहे. शेवटचा बदल: आज, आत्ता. बदल करणारी: संचिता.

तीन वेळा पुसली. तीन वेळा —

१८ सप्टेंबर, गुरुवार

माझी नवी नोंद घालायला गेले. सर्व्हरने माझंच वाक्य मला सांगितलं. ही व्यक्ती आधीच आहे.

दुसरा नंबर नाही माझ्याकडे. सरांकडे मागायला गेले. ते कोणाशी तरी बोलत होते, बघितलंच नाही. टेबलाशी उभी राहिले. माझ्या खुर्चीत कोणी बसलेलं — पाठच दिसली. वेणी ओली होती.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

रात्री तीन ताटं. बाबा, आई, आणि —

मी म्हटलं, आई, माझं? ती पाट सरळ करत होती. मी तिचा हात धरला. तिने हात झटकला, डास बसल्यासारखा.

२० सप्टेंबर

ऑफिसला गेले नाही. ती गेली. आईने डबा दिला, दारात उभी राहून म्हणाली, सांभाळून जा बाय. मला रोज असंच म्हणायची.

काल रात्रीपासून पोटात काही नाही. टोपलीतल्या भाकरीला हात लावते तर हात —

फोन तिच्याकडे आहे. वही तेवढी माझी. पहिल्या पानावरचं नाव बघायचं नाही.

२१. सर्वपित्री

अंगणात पान मांडलंय. भात, वडे, खीर. खिडकीतून दिसतंय. ती आईच्या शेजारी बसलीय, पाण्याचा तांब्या धरून.

भूक. वास इथपर्यंत येतोय, फक्त त्या पानाचाच येतोय —

आईने आजोबांना हाक मारली. घास ठेवला. आजीला मारली. घास ठेवला.

आता शेवटचा. नाव न घेता ठेवायचा तो. आई थांबलीय. रडतेय. ती आईच्या कानाशी वाकून काहीतरी सांगतेय.

आईने नाव घेतलं.

अक्षदा, ये गो बाय, जेवून जा —

कावळा अजून आलेला नाही. मी