तेल मी घेऊन येतो

चिमीच्या आईस, सप्रेम नमस्कार.

मी खुशाल आहे. आपला क्लब गुणतक्त्यात तळाशीच आहे, पण बंद पडणार नाही असं सेक्रेटरी म्हणतात. सारखं म्हणतात, तेवढीच काळजी. चिमीचा खोकला गेला का?

क्लबाने खेळाडूंच्या दुखण्यांसाठी एक शिकलेली डॉक्टरीण आणली आहे. आपल्या कॉलेजातल्या चिमीहून जेमतेम चार वर्षांनी मोठी. दिवसभर दुकानांत राबून सरावाला येणारी पोरं आधी मालिशसाठी माझ्या बाकावर पालथी पडायची, आता तिच्या दारात रांग लावतात. कॅप्टनची पोटरी मी या हातांनी बरी केली. तोही परवा म्हणाला, "काका, ती तेल न लावताच बरं करते हो!"

मी म्हटलं, "मग दिवाही बिनतेलाचा लाव म्हणावं."

काल सामानाची पेटी उचलताना माझाच खांदा आखडला. "बसा काका," डॉक्टरीण म्हणाली आणि बघता बघता मोकळा केला. खरं सांगतो, दुखत होता तेव्हा बरं होतं.

निघताना मी तिला तुझ्या दुखऱ्या गुडघ्याचं विचारलं. तिने व्यायाम सांगितलाय: खुर्चीत ताठ बस, पाय समोर सरळ उचल, दहा आकडे होईपर्यंत धर, मग सावकाश खाली. आपटायचा नाही. सकाळ-संध्याकाळ नेमाने कर.

बरा होईल, पोरगी हुशार आहे. तरी मी येईन तेव्हा थोडासा दुखतो म्हण. तेल मी घेऊन येतो.

तुझाच,
चिमीचे बाबा